राहिलेला अर्धा चित्रपट : ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद,
आपला ज्येष्ठ नागरिक संघ, सांगली

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी आपल्या सभागृहात मी ‘व्हीनस’ हा इंग्रजी चित्रपट लावला होता. तो मधेच बंद करण्यात आला. जे त्या दिवशी आले नव्हते त्यांच्यापर्यंतही ही हकिकत पोचली आहे, थोडी तिखटमीठ लावून. सोमवारी फलकावर सूचना लागली : ‘सभासदांच्या वयाला न शोभणारे चित्रपट यापुढे संघात दाखवले जाणार नाहीत.’ सूचनेत माझं नाव घातलं नाही, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण चित्रपटाचा शनिवार तीन वर्षं मीच बघते, तेव्हा ती सूचना कोणाला उद्देशून आहे हे सगळ्यांना कळतं. बैठकीत बोलायला उभी राहिले तर गळा दाटून येईल आणि मुद्दा राहून जाईल, म्हणून लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण माझं म्हणणं आपल्या संघाइतकंच बाहेरच्या म्हाताऱ्या माणसांचंही आहे.

त्या दिवशी दिवे लागले तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं ते आधी सांगते. सत्तरी पार केलेला एक नट एका तरुण मुलीसमोर उभा आहे. तिनं त्याला अटी घालून परवानगी दिली आहे, खांद्याला ओठ टेकवायची. त्यापलीकडे काही नाही. तो वाकतो, तिच्या मानेजवळ श्वास घेतो, डोळे मिटतो. एवढ्यात आपल्याकडे कोणीतरी उठून दिवे लावले. ‘अहो, बायका बसल्यात इथं,’ असं एक जण म्हणाले. मागून आवाज आला, ‘म्हातारचळ आहे नुसता.’ प्रोजेक्टरची वायर काढली गेली, आणि वातावरण निवळावं म्हणून भजन म्हटलं गेलं. मीही म्हटलं. घरी जाऊन रात्रभर झोपले नाही.

तो नट म्हणजे मॉरिस. लंडनमध्ये एकटा राहतो. एके काळी नाव होतं, आता कामं मिळतात ती बिछान्यात पडून मरणाऱ्या म्हाताऱ्याची. त्याचा मित्र इयन, तोही नट. दोघं एका साध्या कॅफेत बसतात, एकमेकांच्या गोळ्या अदलाबदल करून घेतात, पेपरात कोण गेलं ते वाचतात आणि कोणाच्या वाट्याला किती रकाने आले ते मोजतात. आपणही सकाळी पेपर हातात घेतला की आधी निधनवार्तेचं पान उघडतो. आपल्या प्रत्येक सभेची सुरुवात दोन मिनिटं उभं राहून होते. त्यामुळे तो कॅफे मला कधीच परका वाटला नाही.

इयनच्या भाचीची मुलगी, जेसी, त्याची देखभाल करायला म्हणून गावाकडून येते. ती आली की मासे शिजवील, शेजारी बसून संगीत ऐकेल, अशी त्याची स्वप्नं असतात. ती येते आणि त्याची दारू संपवते, पाकिटातलं खाते, उर्मट बोलते. इयन टेकीला येतो. मॉरिसला मात्र ती आवडते. कशी आवडते, हे चित्रपट कुठंही लपवत नाही. तिच्याकडे तो पुरुषाच्या नजरेनं बघतो. नातीसारखी वगैरे म्हणून दिग्दर्शकानं आपली सोय केलेली नाही.

त्याच सुमाराला त्याला प्रोस्टेटचा विकार निघतो. शस्त्रक्रिया होते. आता आपल्या हातून काही होण्यासारखं राहिलेलं नाही, हे तो जेसीला स्वतःच सरळ सांगून टाकतो. हे नीट लक्षात घ्या अशी माझी विनंती आहे. इच्छा आहे आणि इच्छेचं साधन गेलेलं आहे. मग त्याला उरतं काय? वास, आवाज, हाताचा स्पर्श, बघणं. एवढ्याशा गोष्टींसाठी तो अपमान गिळतो, खिशातले पैसे खर्च करतो, थंडीत रस्त्यावर उभा राहतो. एका चित्रकलेच्या वर्गात जेसीला मॉडेल म्हणून बसायचं काम तो मिळवून देतो, तर तीच त्याला बाहेर काढते. तो दाराच्या फटीतून बघायला जातो आणि चित्रफलक पाडत सगळ्यांसमोर आत कोसळतो. त्या वेळी आपल्या सभागृहात हशा पिकला होता. मीही हसले होते. दहा-पंधरा मिनिटांपूर्वी हसलेली माणसं खांद्यावर टेकलेल्या ओठांनी इतकी का बिथरली, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. म्हाताऱ्याची इच्छा पडली-धडपडली तर आपल्याला चालते. ती शांतपणे, एका श्वासापुरती का होईना, पुरी झाली की चालत नाही.

‘म्हातारचळ’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. तरुणाच्या ओढीला आपल्याकडे प्रीती, आस, छंद, वेड असे शब्द आहेत. म्हाताऱ्याच्या वाट्याला हा एकच, आणि त्यात चळ आहे, म्हणजे डोकं फिरणं. आणि म्हातारीसाठी तर तोही नाही. तिला काही वाटत असेल अशी कल्पनाच भाषेनं केलेली दिसत नाही.

तरीही हा राग कुठून आला ते मला कळतं. आपण सांगलीचे. इथून चार पावलांवर हरिपूर आहे, गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. १८९९ मध्ये त्यांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं. त्यातला म्हातारा भुजंगनाथ पैशाच्या जोरावर कोवळ्या मुलीशी लग्न लावायला निघतो. त्या काळी घरोघरी अशा शारदा होत्या. माझ्या आजीची धाकटी बहीण अकराव्या वर्षी पन्नाशीच्या माणसाला दिली होती आणि सतराव्या वर्षी ती विधवा झाली. तिला मी पाहिलेलं आहे, लाल आलवणात, माजघराच्या दाराशी. म्हाताऱ्या पुरुषाच्या इच्छेपायी आपल्या समाजात मुलींची आयुष्यं गेली आहेत. तेव्हा त्या इच्छेकडे आपण संशयानं बघतो त्यात गैर काही नाही. तो संशय देवलांनी आपल्याला कष्टानं शिकवला आहे आणि तो सोडावा असं मी म्हणणार नाही.

पण भुजंगनाथाकडे पैसा होता, भटजी होता, मुलीचा हावरा बाप होता. मुलीच्या हातात काही नव्हतं. मॉरिसच्या हातात काय आहे? जेसी त्याला ‘इथपर्यंत’ म्हणते आणि तो पुढं गेला की कोपर मारते. ती त्याच्याकडून वस्तू उकळते, त्याला हिणवते, आपल्या मित्राला त्याच्याच घरी आणून त्याला बाहेर फिरायला पाठवते. जोर तिच्या बाजूला आहे. नेहमीच आहे असंही नाही. तिच्याही मागे एक दुःख आहे, ते ती त्याला एकदा सांगते, आणि त्या वेळी तो फक्त ऐकतो. दोघंही एकमेकांचा थोडा फायदा घेतात, थोडी कीव करतात, आणि हळूहळू एकमेकांची माणसं होतात. या नात्याला काय म्हणावं ते मला माहीत नाही. ‘शारदा’तल्या लग्नाचं नाव मात्र त्याला देता येणार नाही.

आपल्या महिला विभागातल्या एका वहिनींनी मला दुसऱ्या दिवशी फोन केला होता. त्या म्हणाल्या, ‘पुरुषांनी बघायचं आणि आम्ही बघू द्यायचं, हे आयुष्यभर झालं. आता संघातही तेच का?’ हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटला आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

मॉरिस जेसीला लंडनच्या नॅशनल गॅलरीत एक चित्र दाखवायला नेतो. वेलास्केझ या स्पॅनिश चित्रकाराची ‘व्हीनस’. सतराव्या शतकातलं चित्र. नग्न देवी आपल्याकडे पाठ करून आडवी झालेली, समोर पंखांचा मुलगा आरसा धरून, आणि आरशात तिचा चेहरा धूसर. हेच नाव मॉरिस जेसीला देतो. आता या चित्राची एक गोष्ट मला ठाऊक आहे. १० मार्च १९१४ या दिवशी मेरी रिचर्डसन नावाची बाई खाटकाचा सुरा कपड्यात लपवून गॅलरीत गेली आणि तिनं या चित्रावर घाव घातले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्यांपैकी ती होती. तिच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना अटक झाली होती, त्याचा तो निषेध होता. पुढं कित्येक वर्षांनी तिनं असंही सांगितलं, की पुरुष दिवसभर त्या चित्राकडे टक लावून बघत उभे राहतात ते तिला सहन होत नसे.

म्हणजे वहिनींचा आक्षेप त्या चित्राच्या पाठीवर सुऱ्यानं लिहिलेला आहे. कॅनव्हास दुरुस्त झाला, चित्र परत भिंतीवर लागलं. लेखक हनीफ कुरेशी आणि दिग्दर्शक रॉजर मिशेल यांनी मॉरिसला नेमकं याच चित्रासमोर आणून उभं केलं आहे. मी तो चित्रपट चार वेळा पाहिला, आणि दर वेळी माझं लक्ष त्या आरशाकडे जातं. ती पाठमोरी असली तरी आरशातून बघते आहे, बघणाऱ्यालाच. जेसीचंही तसंच आहे. सुरुवातीला तिला फक्त बघितलं जातं. पुढं ती बघायला लागते, या म्हाताऱ्याकडे, त्याच्या थरथरत्या हातांकडे, आणि तिच्या बघण्यानं चित्रपट बदलतो. पण ते सगळं आपण जिथं थांबलो त्याच्या पुढं आहे.

दुसरं असं, की कुरेशी आणि मिशेल याच दोघांनी ‘व्हीनस’च्या तीन वर्षं आधी, २००३ मध्ये, ‘द मदर’ हा चित्रपट केला होता. त्यात नवरा वारलेली एक आजी आहे आणि ती आपल्याहून कितीतरी तरुण पुरुषाच्या प्रेमात पडते, तोही तिच्या मुलीचाच मित्र. अॅन रीड या अभिनेत्रीनं ते काम केलं आहे. म्हणजे बाईची इच्छा त्यांनी आधी मांडली, पुरुषाची नंतर. वहिनी, तो चित्रपटही माझ्याकडे आहे. तो लावायचं धाडस मला झालं नव्हतं, हे इथं कबूल करते. म्हाताऱ्या पुरुषाचा चित्रपट लोक एक वेळ खपवून घेतील, म्हातारीचा कधीच नाही, असं मीच गृहीत धरलं होतं.

आणखी एक. चित्रपट मॉरिसला सोडत नाही. त्याची बायको व्हॅलरी, व्हॅनेसा रेडग्रेव्हनं केलेली, दुखऱ्या पायानं आपल्या घरात वावरते. तरुणपणी मुलं लहान असताना तो तिला सोडून दुसरीकडे गेला होता. आता येतो, पैसे देतो, गप्पा मारतो. ती त्याला घरात घेते, खायला घालते, पण झालेलं विसरल्याचं नाटक करत नाही. आपल्या पिढीतल्या किती बायकांनी असं ताट वाढलं असेल. रेडग्रेव्ह त्या थोड्याशा प्रसंगांत एकही शब्द जास्त बोलत नाही. तिच्यासाठी तरी हा चित्रपट आपण बघायला हवा होता.

आता मला माझ्या घरातलं सांगायचं आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही.

आमचे हे बँकेत नोकरीला होते, पण मनानं नट. आपल्यापैकी जुन्या लोकांनी त्यांना राज्य नाट्य स्पर्धेत पाहिलं आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या गावात नाटक उभं केलं त्या गावात जन्मल्याचा त्यांना फार अभिमान होता. शेवटच्या वर्षी त्यांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली, त्यातून उठतात न उठतात तोच न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं. घरी व्यायाम घ्यायला फिजिओथेरपीची एक मुलगी यायची. पंचविशीची असेल. हसतमुख, कामाला चोख. साडेदहाला तिची स्कूटर फाटकाशी वाजायची.

दहा वाजले की हे मला ऐना मागायचे. हातातला छोटा ऐना, प्लॅस्टिकच्या चौकटीचा, दाढीचा. मग कंगवा. तो पाण्यात बुडवून पांढऱ्या विरळ केसांचा भांग पाडायचे, एकदा डावीकडून, पसंत पडला नाही की परत. लघवीची पिशवी चादरीखाली सरकवायचे आणि तिची नळी दिसत नाही ना हे मला विचारायचे. सदऱ्याचं वरचं बटण लावायचे. मुलगी दारात आली की ‘या’ म्हणायचे, आणि तो ‘या’ खर्जात असायचा, स्टेजवरचा. मला दिवसभर ‘पाणी दे’, ‘उशी सरकव’ म्हणणारा आवाज वेगळा आणि हा वेगळा.

महिनाभर मी हे बघितलं. रात्री तीनदा उठून माझी कंबर गेलेली होती. एक दिवस ऐना देता देता मी म्हणाले, ‘कशाला एवढा नट्टापट्टा? लग्नाला उभं राहायचंय? वयाला शोभतं का हे?’

त्यांनी ऐना उपडा ठेवला. कंगव्याचं पाणी चादरीवर सांडलं होतं, ते हातानं पुसलं. मुलगी आली, व्यायाम झाले, ती गेली. दुसऱ्या दिवशी दहाला मी ऐना घेऊन उभी होते, तर म्हणाले, ‘राहू दे.’ त्यानंतर ते सव्वा महिना होते. ऐना परत मागितला नाही. त्या मुलीनंच मला एकदा फाटकाशी विचारलं, ‘काकू, काका हल्ली बोलत का नाहीत?’

मला तेव्हा वाटलं होतं की मी माझ्या हक्काचं बोलले. बायकोचा हक्क होताच, दुखावलेही होते. माझ्यासाठी त्यांनी कधी त्या वर्षात भांग पाडला नव्हता. पण ते गेल्यावर दीड वर्षानं पुण्याला भाचीकडे मी ‘व्हीनस’ पाहिला, आणि मॉरिसला असाच जेसीसाठी सावरून निघताना पाहिलं, तेव्हा मला समजलं की त्या सकाळी मी नेमकं काय बंद केलं होतं. मरणाची तयारी तर त्यांची झालेलीच होती. मृत्युपत्र केलं होतं, बँकेची खाती दाखवून ठेवली होती. रोज दहा ते साडेदहा एवढा अर्धा तास ते मरणाच्या बाहेर राहत होते, आणि तिथून मी त्यांना हाताला धरून परत बिछान्यात आणून निजवलं.

म्हणून फलकावरच्या सूचनेतले ते शब्द मला सहन झाले नाहीत. ‘वयाला न शोभणारे.’ ते माझेच शब्द आहेत.

आपल्या संघात मधुमेहावर व्याख्यान झालं, गुडघ्यावर झालं, मृत्युपत्रावर दोनदा, देहदानावर एकदा. सगळी चांगली झाली, मी प्रत्येकाला हजर होते. पण शरीराबद्दल आपण बोलतो ते फक्त दुखण्याच्या भाषेत. एकाही सभेत कोणी विचारलेलं नाही की जोडीदार गेल्यावर हाताला हात लागत नाही, त्याचं काय करायचं. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. लोक त्यांना मनातलं विचारत आणि ते छापून उत्तर देत. त्याच महाराष्ट्रात आज सत्तरीतली चाळीस माणसं एका बंद सभागृहात, स्वखुशीनं, एक चित्रपट शेवटपर्यंत बघू शकत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

काही जणांनी मला सुचवलं की म्हाताऱ्या नटाचंच दाखवायचं तर ‘नटसम्राट’ दाखवा. वि. वा. शिरवाडकरांचं ते नाटक १९७० मध्ये आलं तेव्हा आम्ही दोघांनी ते पाहिलं, आणि डॉ. लागूंचा तो बेलवलकर आमच्या घरात कित्येक वर्षं बोलत होता. ते मी जरूर दाखवीन. पण आपण जरा विचार करू. म्हातारा नट म्हटलं की आपल्याला मुलांनी टाकलेला, रस्त्यावर आलेला बापच हवा असतो. त्याच्यासाठी आपण रडायला तयार असतो, कारण तो आपल्याकडे काही मागत नाही, फक्त घर मागतो. मॉरिसला कोणी टाकलेलं नाही. त्याच्यावर अन्याय झालेला नाही, त्यानंच इतरांवर थोडा केला आहे. तो नुसता म्हातारा झाला आहे आणि त्याला अजून काहीतरी हवं आहे. अशा माणसावर माया करणं जास्त अवघड जातं.

ज्यानं हे काम केलं त्या पीटर ओ’टूलबद्दलही सांगायला हवं. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ १९६२ चा. आपल्यापैकी काहींनी तो मोठ्या पडद्यावर पाहिला असेल, ते निळे डोळे आठवत असतील. त्या चित्रपटापासून धरून आयुष्यभरात आठ वेळा ऑस्करचं नामांकन आणि एकदाही बक्षीस नाही. २००३ मध्ये अकादमीनं त्याला सन्मानाचं ऑस्कर देऊ केलं, तर त्यानं आधी कळवलं की मी अजून खेळात आहे, मला ते लढून मिळवायचं आहे, ऐंशी वर्षांचा होईपर्यंत थांबा. शेवटी त्यानं ते स्वीकारलं. आणि त्यानंतर ‘व्हीनस’ केला, २००६ मध्ये. आठवं नामांकन याच चित्रपटासाठी होतं. तेही हुकलं. २०१३ च्या डिसेंबरमध्ये तो गेला, ८१ व्या वर्षी.

सन्मानाचं पदक घेऊन घरी बसा, आता झालं, असं जगानं सांगितल्यावर त्यानं निवडलेली भूमिका ही आहे. तो देखणा चेहरा त्यानं कॅमेऱ्यासमोर तसाच ठेवला आहे, सुरकुत्यांसकट, ओघळलेल्या मानेसकट.

आपण जेवढा पाहिला त्यात एक प्रसंग मात्र होता, तो तरी आठवा. लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनला सेंट पॉल्स नावाचं चर्च आहे. १६३३ मध्ये बांधून झालं. त्याला नटांचं चर्च म्हणतात, कारण भिंतींवर नटनट्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. मॉरिस आणि इयन तिथं जातात. गेलेल्या मित्रांची नावं वाचत फिरतात. कोपऱ्यात वादकांची तालीम चाललेली असते, द्वोर्झाकचं संगीत. आणि ती दोन म्हातारी माणसं, एक प्रोस्टेटवाला, एक सगळ्याला घाबरणारा, त्या पाट्यांच्या मधोमध हातात हात घालून नाचायला लागतात. पाय नीट पडत नाहीत. इयन झालेल्या लेस्ली फिलिप्सचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढं होतं. आपल्या पहिल्या रांगेतले एक काका तेव्हा पायानं ठेका धरत होते, मी पाहिलं. (काका, तुम्ही नंतर दिवे लावणाऱ्यांत नव्हता, हेही मी पाहिलं.) एका भिंतीवर मेलेल्यांची नावं, त्याच भिंतीखाली नाच. त्या प्रसंगाला कोणी हरकत घेतली नाही. पण तो नाच आणि नंतरचा खांद्यावरचा ओठ ही माझ्या लेखी एकाच माणसाची एकच गोष्ट आहे. एकीला टाळी आणि दुसरीला ‘म्हातारचळ’, हे मला जमत नाही.

कार्यकारिणीकडे माझ्या तीन विनंत्या आहेत.

फलकावरच्या सूचनेतले ‘वयाला न शोभणारे’ हे शब्द काढावेत. चित्रपट निवडताना समितीची परवानगी घ्यायला मी तयार आहे. लेखी घेईन, गोष्ट आधी सांगेन, ज्यांना नको असेल त्यांना आदल्या शनिवारीच कळवेन. दाराशी सूचना लावेन. पण ते शब्द नकोत.

‘व्हीनस’चा राहिलेला भाग दाखवू द्यावा. सक्तीनं कोणालाही बसवायचं नाही. आठ माणसं आली तरी चालेल.

आणि त्यानंतर अर्धा तास बोलायला ठेवावा, भजनाच्या आधी. बायकांनी आधी बोलावं, पुरुषांनी नंतर. कोणी काही बोललं नाही तर नुसतं बसू. चहाचा खर्च माझा.

संवाद कळत नाहीत अशी तक्रार होती, ती रास्त आहे. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी जेसीची बोली मलाही दोनदा ऐकावी लागली. राहिलेल्या भागाचे सगळे संवाद मी मराठीत उतरवून काढले आहेत, हातानं, फुलस्केपच्या बावीस पानांवर. पंधरा प्रती काढून आणेन, मोठ्या अक्षरात.

शेवट काय होतो ते कोणी मला विचारू नये, मी सांगणार नाही. एवढंच सांगते की जेसी त्याला समुद्रावर घेऊन जाते, थंडीचे दिवस असतात, आणि त्याच्या पायात बूट असतात. पुढच्या महिन्याचा दुसरा शनिवार सभागृहाच्या वहीत अजून रिकामा आहे. मी काल जाऊन पाहिलं. पेन्सिलीनं लिहून ठेवू का, एवढं कळवावं.

आपली नम्र,
संघाची एक सभासद